वसमत सापडत नाही

दादा,

आज दुपारी मला पुन्हा वसमत सापडलं नाही. गाव जागेवरच आहे, त्याला काही झालेलं नाही. औंढ्याच्या पुढे गेलं की येतंच. पण माझ्या संगणकाला ते सापडेना. मद्रासला शिकत असताना मी एक प्रोग्रॅम लिहिला होता, आपल्या एसटीच्या गावांचा. त्याचे पिवळे पडलेले छापील कागद परवा माळ्यावरच्या पेटीत मिळाले. रिटायर झालेल्या बाईला वेळ काढायला काहीतरी लागतंच, म्हणून मी तो पुन्हा टाइप करायला घेतला. आमच्या इमारतीतल्या बायका सकाळी बागेत गोल उभ्या राहून मोठमोठ्याने हसतात आणि त्याला व्यायाम म्हणतात. एकदा मीही गेले होते. कारण नसताना हसणं मला काही जमलं नाही. आज मात्र पडद्यावर ती ओळ आली, वसमत सापडत नाही म्हणून, आणि मी घरात एकटी असताना खदखदून हसले. कागदावर बरोबर होतं, बोटांनी पुन्हा चूक केली. तेव्हाही हीच केली होती, याच गावात, याच अक्षरात. हसू थांबल्यावर लक्षात आलं, ही गंमत ज्याला सांगावी असा माणूस एकच, आणि त्याला जाऊन आता जन्म लोटला. तरी सांगते. तुम्हाला यातलं फारसं कळणार नाही. तेव्हाही कळलं नसतं. पण तुम्ही ऐकून घेतलं असतं.

आपल्या घरात बाबा म्हटलं की भिंतीवरच्या तसबिरीतले, निळ्या कोटातले बाबा. त्या नावावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता, म्हणून वडील असूनही तुम्ही दादा झालात. आधी घराचे, मग आळीचे, मग अख्ख्या हिंगोली डेपोचे. ड्रायव्हर दादा म्हणायचे, कंडक्टर दादा म्हणायचे, तुमच्याहून थोराड मेकॅनिकसुद्धा दादाच म्हणायचे. आणि कुणीही, कुठूनही, दादा अशी हाक मारली की तुमच्या तोंडून 'व्हय' निघायचंच. हाक पुरी व्हायच्या आधी निघायचं. कामात बुडालेले असा, जेवत असा, अर्धवट झोपेत असा, व्हय ठरलेलं. त्यानंतर तुम्ही प्रत्यक्ष कधी उगवाल याचा मात्र नेम नसायचा, कारण आधी धरलेलं अक्षर पुरं करायचं, मग ब्रश पुसायचा, मग रंगाच्या डब्याला झाकण लावायचं. आई वैतागायची. "नुसतं व्हय म्हनतंय हे मानूस, जाग्यावरून हालत न्हाई," म्हणायची. तुम्ही त्यावरही व्हय म्हणायचात. मग तिला हसू यायचं आणि ती ते पदरात लपवायची.

वर्कशॉपच्या मागे तुमची पत्र्याची शेड. अजूनही डोळे मिटले की मी तिथे उभी असते. सकाळची शाळा सुटली आहे, हातात तुमचा डबा आहे, टर्पेंटाइनचा वास नाकात जातो आहे, आणि तुम्ही गाडीच्या पाटीवर वाकलेले आहात. पिवळ्या रंगावर काळी रेघ ओढता आहात. शाळेत आधी अक्षरं लिहायची आणि मग त्यांच्या डोक्यावर रेघ द्यायची असं शिकवत, तुमचं उलटं. तुम्ही आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचात आणि मग एकेक अक्षर तिला टांगायचात. "रेघ सरळ आली की अक्षरं कुटं जात न्हाईत," म्हणायचात. भिंतीला टेकून पाट्या वाळत असायच्या: परभणी, सेनगाव, कळमनुरी, आखाडा बाळापूर. आखाडा बाळापूरवर तुमचा राग होता. नाव लांब, पाटी तेवढीच, शेवटचा 'र' नेहमी कडेला चेंगरायचा. "ह्या गावाला दीड तिकीट लावा," असं तुम्ही कंडक्टरांना सांगायचात आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ खूश असायचात.

एकदा पुसेगावच्या बाजूच्या तांड्यावरची एक बाई फलाटावर उभी होती. हातभर बांगड्या, आरशांची चोळी, काखेत लेकरू. बरोबर पुसेगावच्या पाटीसमोर उभी राहून तिने मला विचारलं, "बाई, पुसेगावची गाडी कोंची?" मी फिसकन हसले. पाटीवर एवढं मोठं लिहिलेलं, तेही तुमच्या हाताने. तुम्ही मागूनच येत होतात. तिला गाडीत बसवून दिलंत, लेकरासाठी खिडकीशी जागा करून दिलीत, आणि परत येऊन मला म्हणालात, "काहून हसून राहिली गं? तिला पाटी येत न्हाई, पर गाव येतंय. ज्याला जायाचंय त्याला कळतंय बराबर." आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर डबा उघडला नाही, आणि ती शिक्षा मला फार लागली. घर येईपर्यंत मी रडत होते.

मग ते इंग्रजीचं प्रकरण. कुणी मोठे साहेब डेपो बघायला येणार म्हणून मॅनेजरांनी हुकूम काढला, पाट्यांवर इंग्रजी नावंही घाला. तुम्ही मला गाठलंत. "वसमत इंग्रजीत कसं लिवत्यात?" मी म्हटलं, डब्ल्यू. दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं तर सर म्हणाले, व्ही. आणि निजामाच्या काळातल्या एका जुन्या फलकावर तर चक्क बी होतं, बसमत. तुम्ही तिघांचाही मान ठेवलात. गाडीच्या पुढच्या पाटीवर डब्ल्यू, बाजूच्या पाटीवर व्ही, मागच्या पाटीवर बी. लिहिताना मात्र कुरकुरत होतात. "ह्या इंग्रजीला वर रेघच न्हाई. समदी अक्षरं सुटी. जोडायची कशानं?" मॅनेजरांनी गाडीला एक चक्कर मारली आणि ते लालबुंद झाले.

"दादा, ही गाडी एक हाय का तीन?"

"एकच हाय, साहेब."

"मग नावं तीन काहून?"

"रस्ता एकच हाय ना, साहेब. ज्याला जायाचंय त्याला कळतंय."

सगळ्या वर्कशॉपसमोर त्यांनी तुम्हाला झापलं. पण खरं नाव कोणतं हे त्यांनाही ठरवता येईना, म्हणून त्यांनी वर विचारणा केली, आणि वरून उत्तर यायच्या आत मोठे साहेब येऊन, चहा पिऊन, गाडीकडे ढुंकूनही न बघता निघून गेले. ती गाडी पुढे कितीतरी महिने तीन नावं मिरवत वसमतला जात राहिली, आणि एकही प्रवासी चुकला नाही. मी त्यातून एवढंच शिकले की व म्हणजे व, डब्ल्यू काय आणि व्ही काय. तुमच्या मुलीने दुसरं काय शिकायचं?

औरंगाबादला बी.एस्सी. झाल्यावर मला मद्रासच्या एका संस्थेत जागा मिळाली, संगणक शिकायला. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि संगणक म्हणजे काय हे आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरगी काय शिकते असं कुणी विचारलं तर तुम्ही सांगायचात, "हिशेबाच्या मशीनीचं," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायचात. पहिल्याच महिन्यात तुम्ही मला बघायला आलात. पूर्णेला गाडी बदलून, सिकंदराबादला बदलून, बसून बसून पाय सुजवून. मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना थारा नव्हता, म्हणून तुम्ही स्टेशनवरच्या बाकावर झोपलात आणि सकाळी फाटकापाशी येऊन उभे राहिलात. जुन्या धोतरात गुंडाळून काहीतरी आणलं होतं. सोडून बघितलं तर पाटी. छोटी, हातभर, पिवळ्यावर काळं: हिंगोली. "खोलीत लाव. कुठली म्हणून कुनी इचारलं तर तोंड दुखवायला नको." माझ्या मैत्रिणी हसल्या, मीही हसले. तेव्हा मला सगळं नवं होतं, समुद्र नवा, मैत्रिणी नव्या, आणि मी खुशीत होते. फाटकाजवळच्या झाडाखाली बसून तुम्ही विचारलंत, "काही तकलीफ हाय का? काही लागतंय का?" मी म्हटलं, न्हाई दादा, सगळं बराबर आहे. आणि ते खरंच होतं. तुम्ही पुन्हा विचारलंत. आईने दिलेला ठेचा दिलात, हळद दिलीत, आणि निघताना तिसऱ्यांदा विचारलंत. मी तेच सांगितलं. "मंग लागलं की आवाज दे," म्हणालात आणि गेलात. लागायला लागलं ते त्यानंतर.

मैत्रिणी हळूहळू आपापसात तमिळ बोलू लागल्या, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मी सोबत बसायचे, सगळ्या हसल्या की हसायचे, आणि मग कुणीतरी कीव येऊन मला इंग्रजीत सगळं समजावून सांगायचं, तोवर त्यातली गंमत गेलेली असायची. दिवसचे दिवस माझ्या तोंडातून मराठी शब्द निघत नसे. माझं नाव त्यांच्या जिभेवर इतकं वेगळं व्हायचं की ही हाक आपल्यालाच आहे हे कळायला वेळ लागायचा. रविवारी मी तुमच्या पाटीकडे तोंड करून पडून राहायचे. कधी कधी खोलीत कुणी नसलं की 'दादा' असं हळूच म्हणून बघायचे. ओ कुठून येणार होती? मला तुमची फार आठवण यायची, दादा. पत्रात लिहिलं नाही, कारण तुम्ही लगेच पुन्हा त्या बाकावर झोपायला आला असतात.

मग प्रकल्प करायची वेळ आली. संस्थेत नुकतंच एक नवं यंत्र आलं होतं आणि त्याच्यासोबत सी नावाची नवी भाषा. सरांनी सांगितलं, तुम्हाला माहीत असलेलं कसलंही जाळं घ्या. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणची जवळची वाट यंत्राला शोधता आली पाहिजे. बाकीच्यांनी विजेच्या तारा घेतल्या, टेलिफोन घेतले. मी तुमच्या पाट्या घेतल्या. प्रत्येक गावासाठी एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा, ज्याला नावाने हाक मारली की तो आपलं काम करून परत येतो. हिंगोलीला हाक मारली की ती आपल्या शेजारच्या गावांची नावं आणि अंतरं सांगणार. खरं कारण सांगू का? ती नावं मला दिवसभर तोंडाने म्हणायला मिळत. यंत्राच्या थंडगार खोलीत बसून मी हिंगोली, कळमनुरी, औंढा, वसमत असं पुटपुटत असायचे, तेवढंच मराठी. यंत्र नावाची पहिली सातच अक्षरं ध्यानात ठेवायचं. हिंगोली इंग्रजीत बरोबर सात अक्षरी, ती नीट मावली. पुसेगावचं शेवटचं अक्षर गळालं, आणि आखाडा बाळापूर तर 'ब'पाशीच चेंगरलं. तुम्हाला किती बरं वाटलं असतं ते ऐकून.

प्रोग्रॅम मोठा, म्हणून वेगवेगळ्या फाइलींत लिहिलेला. त्याचं असं असतं, दादा: कंपायलर नावाचा एक जण एकेक फाइल वेगळी तपासतो. फाइलीतलं व्याकरण ठीक असलं की तो बराबर म्हणतो. या फाइलीत एखाद्या गावाला हाक मारलेली असेल आणि ते गाव तिथे नसेल, तर तो म्हणतो, असेल दुसऱ्या फाइलीत, माझं काय जातं. शेवटी येतो लिंकर, म्हणजे जोडणारा. तो सगळ्या फाइली एकत्र मांडतो आणि प्रत्येक हाकेला ओ देणारं कुणी आहे का ते बघतो. नसलं तर काम तिथेच थांबवतो आणि ते नाव छापून मोकळा होतो. माझ्या कागदावर आलं: वसमत सापडत नाही. मी फाइल उघडून बघितली, तर वसमत होतं. सगळं पुन्हा कंपाइल केलं, प्रत्येक फाइल बराबर. पुन्हा जोडलं, वसमत सापडत नाही. कंपायलरने बनवलेल्या जुन्या फाइली पुसून नव्या केल्या, फाइलींचा क्रम बदलून पाहिला, यंत्रातच दोष आहे म्हणून ऑपरेटरशी भांडले. कागदावर दोन्ही जागी बोट ठेवून मोठ्याने वाचलं. इथे वसमत, तिथे वसमत. एकच तर गाव. असे कितीतरी दिवस गेले. सरांनी सांगून टाकलं होतं की सत्र संपायच्या आत हा प्रोग्रॅम जोडला गेला नाही, तर यंत्राची माझी वेळ दुसऱ्याला मिळेल आणि मला काहीतरी सोपं करायला देतील. मार्कांचं मला एवढं नव्हतं. ही गावं हातची गेली तर मग दिवसभर पुटपुटायला काय उरेल, याची भीती वाटायची.

शेवटी वर्गातल्या एका तमिळ मुलीला कागद दाखवला. तिने आयुष्यात वसमत ऐकलेलं नव्हतं. तिने एक नजर टाकली आणि दोन जागी पेन्सिलीने गोल केले.

"ही दोन नावं आहेत," ती इंग्रजीत म्हणाली.

"नाही गं, एकच गाव आहे."

"गावाचं मला माहीत नाही. इथे डब्ल्यू आहे आणि तिथे व्ही."

"ते एकच."

"तुला एकच," ती म्हणाली आणि जेवायला निघून गेली.

तुमची गाडी डोळ्यांसमोर उभी राहिली, दादा, पुढे डब्ल्यू आणि बाजूला व्ही. मी अक्षरं वाचतच नव्हते, गाव वाचत होते. तिला गाव येत नव्हतं म्हणून तिला पाटी दिसली. लिंकरला बिचाऱ्याला कुठे जायचंच नसतं, त्याला काय कळणार? मी एक अक्षर बदललं, जोडणी लावली, आणि वसमत सापडलं.

आनंदाच्या भरात मी पोस्टात धावले आणि हिंगोली डेपोला ट्रंक कॉल लावला. मला तुम्हाला मॅनेजरांचं ते वाक्य ऐकवायचं होतं, 'नावं तीन काहून', आणि तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं. आणि धीर झाला तर शेवटी सांगायचं होतं की दादा, आता लागतंय, एकदा या. दुपारभर बाकावर ताटकळल्यावर नंबर लागला. खरखर इतकी की समोर कोण आहे ते कळेना. बहुधा कंट्रोलर असावेत. दादांना बोलवा, मी त्यांची मुलगी, असं मी ओरडून सांगितलं. त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला, तो आवाज आला. मग गाड्यांची घरघर, कुठेतरी एक भोंगा. मग दाराशी जाऊन त्यांनी आरोळी ठोकली, "दादा, ओ दादा, मद्रासचा फोन!" आणि लांबून, पत्र्याच्या शेडमधून, त्या सगळ्या गोंगाटातून, "व्हय!"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आता अक्षर पुरं करत असतील. आता ब्रश पुसत असतील. आता झाकण लावत असतील. मला हसू येत होतं आणि मी मनात म्हणत होते, अहो दादा, चला की. मग मध्येच ऑपरेटर बाईंचा आवाज आला, वेळ संपली, आणि लाइन गेली. पुन्हा लावायचा तर पोस्ट बंद व्हायची वेळ झाली होती. म्हटलं असू दे, दिवाळीच्या सुट्टीत जातेच आहे, समोर बसून सांगू.

सुट्टीच्या आधी तार आली. शेडमध्येच, पाटीवर वाकलेले असताना, असं आईने सांगितलं. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी डेपोत गेले तर कंट्रोलर उठून उभे राहिले आणि त्या फोनचं त्यांनीच काढलं. तुम्ही रंगाच्या हातांनी पळत आला होतात म्हणे, आणि लाइन गेली असं सांगितलं तरी रिसीव्हर कानाला लावून बसलात. "मग म्हनले, लागत असंल तर पुन्ना करील पोरगी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी टेबलावरचे कागद नीट लावायला घेतले. तुमच्या शेडमध्ये शेवटची पाटी तशीच होती. वरची रेघ पूर्ण ओढलेली, खाली एकही अक्षर नाही. कुठल्या गावाची ते कुणालाच सांगता येईना. संध्याकाळी आई म्हणाली, "अजून वाटतंय, हाक मारली की व्हय म्हनतील." हाक मात्र आम्ही दोघींनीही मारली नाही.

मद्रासला परत गेले, कारण दुसरं काय करणार? प्रोग्रॅममध्ये गावांमधलं सरळ रेषेतलं अंतर काढायचं राहिलं होतं, त्याला वर्गमूळ लागतं. ते आपण लिहायचं नसतं. गणिताची एक लायब्ररी तयार असते, त्यातून घ्यायचं. मी लायब्ररी जोडली, तरी लिंकर म्हणे वर्गमूळ सापडत नाही. या वेळी अक्षरं नीट तपासली होती, व्ही आणि डब्ल्यूचा तर प्रश्नच नव्हता. सरांकडे गेले. त्यांनी मी यंत्राला दिलेली ओळ बघितली आणि म्हणाले, तू लायब्ररीचं नाव आधी लिहिलं आहेस आणि आपली फाइल नंतर. लिंकर लायब्ररीत एकदाच डोकावतो. तोवर ज्यांनी मागितलं असेल त्यांच्यापुरतं काढून घेतो आणि पुढे जातो. मागणारा मागाहून आला तर तो काही परत फिरत नाही. मागणारा आधी पाहिजे, देणारा नंतर. इतकं सोपं आहे, असं म्हणून ते हसले. मी थँक यू म्हणून बाहेर आले, पाण्याच्या नळापाशी उभी राहिले आणि पोटभर रडले. तार आल्यापासून तोवर मला रडू आलेलं नव्हतं. नळापासून फाटकाजवळचं ते झाड दिसायचं. तीनदा विचारलं होतंत तुम्ही.

मग एकच तुकडा उरला. वाट सापडली की तिची पाटी छापायची, हिंगोली ते वसमत अशी, चौकटीत. ते काम तुमचं, म्हणून त्या फंक्शनचं नाव दादा ठेवायचं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. मुख्य फाइलीत मी ती हाक लिहिली आणि फंक्शन अजून लिहिलेलंच नाही हे विसरून, सवयीने जोडणी लावून बसले. कागदावर ओळ आली. यंत्राला आदरार्थी बोलता येत नाही. दादा सापडत नाही, एवढंच. मी तो कागद किती वेळ हातात धरून बसले कुणास ठाऊक. शेवटी ऑपरेटर म्हणाले, बाई, तब्येत बरी नसेल तर उद्या या.

असं झालं की सगळेच एक युक्ती करतात. नुसतं नाव लिहायचं, पुढे कंस उघडायचा आणि बंद करायचा, आत काही नाही. रिकामं फंक्शन. हाक मारली की ते ओ देतं आणि काही न करता परत येतं. लिंकरला तेवढं पुरतं; काम नंतर सवडीने भरायचं. मी तसंच केलं. प्रोग्रॅम जोडला गेला, चालला, आणि हिंगोलीहून वसमतची वाट त्याने औंढ्यावरून बरोबर काढून दाखवली. सरांनी विचारलं, पाटी कुठे आहे? मी म्हटलं, पाटी लावणारे अजून यायचे आहेत. त्यांना तो विनोद वाटला आणि त्यांनी मला पास केलं.

आज डब्ल्यूचा व्ही केला, वसमत सापडलं, आणि मी पुन्हा त्या रिकाम्या तुकड्यापाशी आले. आता पाटी छापणं म्हणजे किरकोळ काम आहे, भात शिजेपर्यंत झालं असतं. आताचे संगणक मराठीसुद्धा छापतात, वरच्या रेघेसकट. तुम्ही असतात तर रेघ वाकडी आली म्हणून नावं ठेवली असतीत. तुमची हिंगोलीची पाटी माझ्या टेबलावर भिंतीला टेकून उभी आहे, एका कोपऱ्याचा रंग गेलाय. तिच्याकडे बघत मी बराच वेळ त्या दोन कंसांमध्ये काही लिहीन म्हणून बसले. मग उठून चहा केला, आणि परत येऊन प्रोग्रॅम तसाच चालवला.

हे पत्र टाकू तरी कुठे? डेपोत तुम्ही नाही, आणि शेडही पाडली म्हणतात. त्या जुन्या कागदांबरोबर पेटीत ठेवून देईन. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगून टाकते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीत मी जेवढे प्रोग्रॅम लिहिले, बँकेचे, धरणाचे, कारखान्याचे, त्या प्रत्येकात कुठेतरी आत तुमच्या नावाचं ते रिकामं फंक्शन आहे. सोबतचे लोक विचारायचे, मॅडम, हे काय आहे? जुनं आहे, काढू नका, असं मी सांगायचे. ते काहीही करत नाही, दादा. त्यात काही भरायला मी कधी हातच लावला नाही. भरलं तर ते कामाला लागेल. रिकामं असलं की हाक मारल्याबरोबर व्हय म्हणतं. आणि मग मी जराशी थांबते, तुम्ही ब्रश पुसत असाल म्हणून.